सासूचा तास

अक्का,

कुपवाडच्या बॅचचं वेळापत्रक लिहायला बसले आणि तिसऱ्या दिवसाच्या दुपारपाशी हात थांबला. सात वर्षं त्या रकान्यात मी नुसतं ‘शे’ लिहीत आले. शे म्हणजे शेवंताअक्का, आणि तिसऱ्या दिवसाची दुपार म्हणजे सासूचा तास. बाकीच्या रकान्यांत कुठं माझा ‘प’, कुठं तुमचा ‘शे’, असं आपण वाटून घेतलेलं असायचं. या वेळी सगळीकडं ‘प’ लिहिलं. तेवढा एकच रकाना कोरा ठेवला आणि कागद तसाच छापायला दिला.

तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. संस्थेतून मला सांगितलं होतं, अक्कांवर चार शब्द लिहून द्या. लिहिले, वाचले आणि फाडून टाकले. त्यात तुमचं गाव होतं, शाळेत खिचडी शिजवायची तुमची नोकरी होती, सेवाभाव का काय तोही होता, आणि तुम्ही कुठंच नव्हता. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. तुम्ही वाचलं नसतंतच म्हणा. ‘तुमीच वाचून दावा, माझा चष्मा घरी ऱ्हायलाय’ म्हणाला असता. सात वर्षांत तुमचा चष्मा माझ्या नजरेला पडलेला नाही.

आपण दोघी काय काम करतो असं कुणी विचारलं की मी लांबण लावायची. वस्त्यांवरच्या, वाड्यांवरच्या बायकांना आहाराचं शिक्षण द्यायचं; मग त्या आपापल्या भागातल्या गरीब घरांत जाऊन गरोदर बायकांना, लहान मुलांच्या आयांना सांगणार, आहे त्या पैशात काय शिजवावं आणि कुणाच्या ताटात किती पडावं. तुम्ही एका दमात उरकायचात. ‘दुसऱ्याच्या घरात जाऊन खायाचं बोलायचं आन् शिव्या न खाता परत यायाचं, त्ये आमी शिकवतो.’ ऐकणारा हसायचा. मला वाटायचं, आपल्या कामाची ही थट्टा आहे.

पहिल्या बॅचची आठवण आहे ना? मी सांगलीची, जैनांच्या घरातली, आहारशास्त्राची पदवी घेतलेली. फळ्यावर अंड्याचं चित्र काढून त्याचे गुण सांगत होते. एका बाईनं भाबडेपणानं विचारलं, ‘म्याडम, तुमी कसं खाता, उकडून का पोळी करून?’ तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसला होता, तिथूनच म्हणालात, ‘म्याडमनी अंडं पुस्तकात बघितलंय. अंड्याचं मला इचारा.’ हॉल खदखदून हसला. मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी डबा उघडला तर तुम्ही शेजारी येऊन बसलात, माझ्या वरणात भाकरी बुडवलीत आणि विचारलंत, ‘कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग ह्याला चव कशानं आली?’ त्या दिवसापासून अंडी तुमच्याकडं आणि डाळी माझ्याकडं, अशी वाटणी ठरली.

पण सासूचा तास तुमचा एकटीचा होता. त्याची कल्पना तुमचीच, आणि मी ती कधीही मनापासून मान्य केली नाही.

जेवणं झाली की तुम्ही पदर डोक्यावरून घ्यायचात आणि हॉलच्या दारात, बरोब्बर उंबऱ्यावर, कमरेवर हात ठेवून उभ्या राहायचात. एकेका बाईनं बाहेरून यायचं. घरात गरोदर सून आहे, तिला पुरेसं खायला मिळत नाही, आणि दारात सासू. त्या सासूशी बोलून आत जायचं. दोन दिवस मी शिकवलेलं लोह, प्रथिनं, हुलगे, नाचणी, शेवग्याचा पाला, सगळं पोरी घडाघडा म्हणायच्या आणि तुम्ही ढिम्म. ‘मी दोन पोरं काढली चटणी-भाकरीवर.’ ‘डेरीचं दूध बंद करून हिच्या नरड्यात वतू?’ आणि ते तुमचं ठरलेलं: ‘जास्त खाल्लं की पोर पोटात मोट्टं हुतंय. मोट्टं झालं की आडतंय. आडलं तर तू येणार हाईस व्हय सोडवायला?’

बोलणं तरी सोसवायचं. बायकांना लागायचं ते वेगळंच. तुम्ही पाणी विचारायचा नाहीत. आपल्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालासुद्धा पाण्याचा तांब्या पुढं करतात, आणि तुम्ही नुसत्या बघत राहायचात. खोटंखोटं चाललंय हे ठाऊक असून बायांची तोंडं उतरायची.

हरलेल्या प्रत्येकीला तुम्ही एकच सांगायचात, ‘आता भाइर जा आन् पुन्यांदा ये.’ ती जायची, नवा मुद्दा शोधून यायची, हरायची. ‘पुन्यांदा ये.’ तिसऱ्या-चौथ्या वेळेला कुणीतरी मुद्दे संपलेली, घामाघूम झालेली बाई नुसतीच येऊन समोर उभी राहायची आणि म्हणायची, ‘मावशी, मी परत आलीया.’ तेव्हा तुम्ही दारातून बाजूला व्हायचात. ‘ये. पाणी घे.’ संपला तास. मला हे कधी कळलं नाही. चांगला मुद्दा मांडला तर हार, आणि काहीच न बोलता नुसतं परत आलं तर जीत, हे कसलं शिक्षण? मी तुम्हाला दहा वेळा विचारलं असेल. तुम्ही म्हणायचात, ‘सासू मुद्द्यानं ऐकती व्हय?’ माझी सासू नाही, लग्नच नाही, त्यामुळं मला पुढं बोलता यायचं नाही. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं आणि तुम्ही त्याचा फायदा घ्यायचात.

मग शिराळ्याची बॅच झाली. सुरेखा नावाची पोरगी, बारावी झालेली, लग्नाला वर्ष होत आलेलं. मला ती फार आवडली होती. दोन दिवसांत तिनं माझी सगळी वही पाठ केली होती. ती दारात आली, बोलू लागली, आणि तुम्ही विचारलंत, ‘तुला पोर हाय का?’ ती ‘न्हाई’ म्हणाली. ‘मग मला काय शिकवतीस? आदी एक काढून दाव.’ पोरगी तिथंच रडायला लागली. तुम्ही ‘पुन्यांदा ये’ म्हणालात. ती चपला घालून गेली ती घरीच. दुसऱ्या दिवशी आली नाही, फोनही घेतला नाही.

पेठ नाक्यापर्यंत आपण एकाच गाडीनं आलो. तिथं आपल्या वाटा फुटायच्या, तुमची गाडी कऱ्हाडकडं, माझी सांगलीला. गाडीची वाट बघत उभ्या असताना माझा तोल गेला. मी काय बोलले ते मला शब्दाशब्दाला आठवतंय, आणि तुम्हालाही आठवलं असेल, पुढं जे पाच दिवस तुम्हाला मिळाले त्यात. ‘अशी सासू आता कुठं असते, अक्का? कुठल्या काळातली सासू उभी करता आणि नव्या पोरींना रडवता. हे शिकवणं नाही, तुमची हौस आहे.’

तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. म्हणालात, ‘आसत्यात.’

‘कुठं आहेत? मला एक दाखवा.’

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, ‘गाडी आली,’ आणि चढलात. खिडकीतून हात केला नाहीत. मला वाटलं, रागावल्या. वाटलं, रागावू देत, पुढच्या बॅचला येतील तेव्हा बोलू. आपली भांडणं अशीच तर मिटायची, कुणीच माफी न मागता, डबा उघडल्यावर.

पाच दिवसांनी सकाळी फोन आला. चहा ठेवता ठेवता तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात आणि संपलात, एवढंच कळलं. मी मातीला पोचले नाही. पोचले असते तरी बायकांत मागं उभी राहिले असते आणि मला कुणी ओळखलं नसतं. इतकी वर्षं तुमच्याबरोबर गावोगाव फिरले आणि उंब्रजला तुमच्या घरी एकदाही आले नव्हते, हे त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

तेरावं झाल्यावर आले. तुमचा मुलगा फौजेतून सुट्टीवर आलेला, कसल्याशा कागदासाठी बाहेर गेला होता. घरी वंदना होती, तुमची सून. तिच्याबद्दल तुम्ही मला फक्त एक वाक्य सांगितलं होतं: ‘ती क्वार्टरला असती त्याच्यासंगं.’ तिनं मला ओळखलं. ‘तुमीच सांगलीच्या म्याडम न्हवं? आत्यांच्या तोंडी सारकं तुमचं नाव.’ पाणी दिलं, चहा टाकला. घरात दुखवट्याची शांतता होती आणि मला ती सोसेना. तिला जरा हसवावं असं वाटलं. खरं सांगायचं तर मलाच तुमचा आवाज ऐकायचा होता, आणि तो काढून दाखवायला मला दुसरं घर कुठलं होतं? म्हणून मी सासूच्या तासाचं सांगू लागले. नुसतं सांगितलं नाही, उभी राहिले. कमरेवर हात ठेवले, तुमचा घोगरा आवाज काढला आणि म्हणाले, ‘जास्त खाल्लं की पोर पोटात मोट्टं हुतंय. मोट्टं झालं की आडतंय...’

वंदना चहा गाळत होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, ‘आडलं तर तू येणार हाईस व्हय सोडवायला.’

मी म्हणाले, ‘तुम्हालाही करून दाखवायच्या का?’ बघा, किती मूर्ख बाई आहे मी. तोवरही मला उमगलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. हळू आवाजात, मधेमधे माझ्यापुढं बिस्किटं सरकवत. ‘माझ्या पयल्या येळचं हाय त्ये. हे तिकडं बॉर्डरला. घरात आत्या आन् मी. अंगणवाडीच्या बाई दुपारच्या आलत्या, सुनंला वाईच चांगलं घाला म्हनून सांगाय. आत्यांनी दारातच धरलं त्यास्नी. मी चुलीपाशी बसून समदं ऐकत हुते. पाणीबी इचारलं न्हाई. त्या गेल्या त्या गेल्या, परत काय आल्या न्हाईत. मुलगी झाली मला. यवढीशी. दूध वढायची ताकद न्हवती तिला. ईस दिस हुती.’ मग ती म्हणाली, ‘आत्या वाईट न्हवत्या म्याडम. त्यांची धाकटी भैन बाळंतपणात आडून गेलती, त्यांच्या डोळ्यांम्होरं. भ्याल्या हुत्या त्या. ईस दिस पोरीला छातीला धरून बसल्या. खाली म्हनून ठिवली न्हाई.’

मी विचारलं, ‘पुढं कधी बोलल्या तुमच्याशी याबद्दल?’

‘न्हाई. मी लय वाट बघितली. दरसाल क्वार्टरला यायच्या. पिशव्या भरभरून आनायच्या. शेंगा, हुलगं, गूळ, डिंकाचं लाडू. खा म्हनायच्या. सारकं खा, खा. त्याम्होरं एक शब्द न्हाई. मी माफ केलं असतं का काय, मला ठावं न्हाई. मला कुनी इचारलंच न्हाई कवा.’

परतीच्या गाडीत मला तुमचा इतका राग आला, अक्का, की शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का. शेकडो बायांना तुम्ही ती सासू दाखवलीत. प्रत्येक बॅचला, प्रत्येक गावात, दारात उभ्या राहून ती दुपार पुन्हा जगलात. कुणीतरी परत यावं, तुम्हाला दारातून हटवावं, म्हणून या सगळ्या पोरींना घासून-पुसून तयार करत राहिलात. आणि जिच्याशी दोन शब्द बोलायचे, तिच्याकडं लाडू घेऊन गेलात. मला वंदनासाठी वाईट वाटलं, सुरेखासाठी वाटलं. सगळ्यात जास्त माझ्यासाठी वाटलं, हे लपवत नाही. ‘मला एक दाखवा’ म्हणाले होते मी. ती समोर उभी होती, हातात गाडीसाठी सुटे पैसे धरून. आता हे कुणाजवळ बोलू? या गोष्टीवर माझ्याशी भांडू शकेल असं एकच माणूस होतं.

सांगलीत आल्यापासून घर मला खायला उठतं. पूर्वीही एकटीच राहायची, पण कुठल्याही बॅचवरून आले की पुढच्या बॅचला तुम्हाला काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव चालायची. तेवढ्यानं घर भरलेलं असायचं. आता भाजी निवडताना एखादं चांगलं उत्तर सुचतं आणि ते तसंच राहून जातं.

आज कुपवाडला तिसरा दिवस होता. वरच्या मजल्यावरचा हॉल, खाली वर्कशॉपची घरघर. जेवणं झाली आणि मी पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहिले. पहिली बाई आली, दोन वाक्यं बोलली, आणि मी म्हणाले, ‘बरं, घालते हो तिला.’ बाई हसली. ‘सोपंच हाय की वो म्याडम!’ ही उद्या खऱ्या दारात असंच समजून जाणार. मी तिला पुन्हा यायला सांगितलं. पुन्हा आली, आणि मी पुन्हा विरघळले. माझ्याकडं ती भीतीच नाही अक्का, आणि भीतीशिवाय ती सासू उभी राहत नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

मागच्या रांगेतून कमलताई उठल्या. पन्नाशीच्या, नवरा फाउंड्रीत, दोन दिवसांत फारशा बोललेल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘तुमी बसा म्याडम. तुमाला न्हाई यायचं. मी करती.’ आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. पाणी विचारलं नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी नाही विचारलं. समोरची पोरगी बोलत होती आणि या एकेक वाक्यानं तिला मागं ढकलत होत्या. त्यातलं एकही तुमचं नव्हतं. ‘खाऊन पडून ऱ्हाती, मग धुनं कुनी धुयाचं?’ ‘हिच्या आईनं काय दिलंया म्हनून मी तूप वाढू?’ आणि मधेच त्या थांबल्या. कमरेवरचे हात खाली आले.

‘हे मी आज सकाळीच बोललीया,’ त्या म्हणाल्या.

‘कुणाला?’

‘सुनंला. सातवा लागलाय तिला.’

मी नेहमीची मी असते तर म्हणाले असते, छान, टाळ्या वाजवा, पुढची बाई या. आज मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, ‘घरी जा.’

‘आत्ता? तास हुंदे की.’

‘तास राहू दे.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘वाटंनं दूध घिऊन जाती तिला.’

‘दूध न्या. पण दूध देऊन गप्प बसू नका. तोंडानं सांगा तिला, माझं चुकलं म्हणून.’

‘सासूनं? सुनंला म्हनायचं?’ त्यांनी हॉलभर बघितलं, कुणीतरी आपली बाजू घेईल म्हणून. कुणी घेतली नाही. मी म्हणाले, ‘हो. तिनं काय म्हणायचं ते ती म्हणेल. तुम्ही म्हणा.’ त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. खालच्या घरघरीत पावलं लगेच ऐकू येईनाशी झाली.

त्या बोलल्या असतील का, ठाऊक नाही. उद्या बॅचला येतील का, तेही नाही. माझं चुकलं असेल तर ते सांगायलाही तुम्ही नाही आणि बरोबर असेल तर मान हलवायलाही नाही. वंदनाला हे कळवावं असं मनात आलं, पण फोन हातात घेऊन ठेवून दिला. तिला ही गोष्ट माझ्या तोंडून नको होती, तुमच्या तोंडून हवी होती.

मला माहीत नव्हतं, असं मी दिवसभर स्वतःला सांगतेय. ते खरंही आहे. पण सात वर्षं मी त्या हॉलमध्ये बसून तो तास बघितला, त्यावर भांडले, त्याच्या नोंदी लिहिल्या, आणि अक्का, एकदाही तुम्हाला विचारलं नाही की ही सासू तुम्हाला कुठं भेटली.